दोन वर्षांचा एसी-फ्रिजचा कोर्स, बोर्डावर शासनमान्य लिहिलंय, पण तपासायचं कसं?

पावसचा_मामा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय आणि लवकर हवाय, कारण ताईने पाच हजार भरून सीट बुक करून टाकलीय. भाचा यंदा दहावी झाला, ६२ टक्के. अकरावी-बारावी त्याला करायचीच नाहीये. भावोजी ट्रॉलरवर, त्यामुळे पोरगा लहानपणापासून इंजिनाच्या आसपास वाढलेला, पुस्तक घेऊन बसव म्हटलं की पोटात दुखतं पण पान्हा हातात दिला की जेवायला उठणार नाही. आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला, पहिला पर्याय सरकारी इलेक्ट्रिशियन टाकला, दोन फेऱ्या झाल्या, नंबर काय लागला नाही.

तेवढ्यात तालुक्याला एसटी स्टँडच्या मागे दुसऱ्या मजल्यावर एक टेक्निकल कॉलेज आहे त्यांचा माणूस घरी येऊन गेला. कोर्सचं नाव 'डिप्लोमा इन रेफ्रिजरेशन अँड मरीन टेक्नॉलॉजी', दोन वर्षं, वर्षाला ४५ हजार, हप्ते चालतील. पत्रकावर लिहिलंय शासनमान्य, आयएसओ प्रमाणित, रेल्वे, महावितरण, नेव्ही, मर्चंट नेव्ही सगळीकडे पात्र, पुढे पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयर. ताई म्हणते एवढं सगळं छापलंय म्हणजे खोटं कसं असेल. मी म्हटलं छापायला काय लागतं.

माझे प्रश्न, एक तर ही मान्यता खरी का ते घरबसल्या कळतं का? एनसीव्हीटी आणि एससीव्हीटी यात फरक काय, कोणी म्हणतं एससीव्हीटीला किंमत नाही, कोणी म्हणतं सारखंच. आणि ते डायरेक्ट सेकंड इयरचं खरं आहे काय? मुंबईला असतो, गणपतीशिवाय गावी जाणं होत नाही, म्हणून इथे विचारतोय.

निवृत्त_निदेशक

मामा, आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो, अर्धी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातच गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्रकावरचा कचरा बाजूला काढा. आयएसओ हे कारभाराच्या पद्धतीचं सर्टिफिकेट असतं, बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं, त्याने कोर्सला मान्यता येत नाही. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, उद्यम नोंदणी, नीती आयोगाचा दर्पण नंबर, हे सगळे खरे कागद असतात आणि हे सगळे सरकारच देतं, म्हणून संस्थावाले निर्लज्जपणे शासनमान्य लिहितात. पण त्यातला एकही कागद 'या वर्गात शिकलेल्या पोराची परीक्षा आम्ही घेऊ आणि प्रमाणपत्र आम्ही देऊ' असं म्हणत नाही. प्रमाणपत्रावर शेवटी सही कोणाची आणि परीक्षा कोण घेणार, एवढं विचारा.

दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या तांत्रिक शिक्षणाला आपल्याकडे खरी मान्यता देणारी दारं मोजकी आहेत. पहिलं आयटीआय. केंद्राची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे, एनसीव्हीटी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ साली आली, आणि तिचं काम आता एनसीव्हीईटी या नव्या राष्ट्रीय परिषदेकडे गेलंय, ती २०१८ मध्ये अधिसूचित झाली. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं. दुसरं एससीव्हीटी म्हणजे राज्य परिषद, परीक्षा आणि प्रमाणपत्र राज्याचं. पूर्वी एखाद्या संस्थेत नवीन ट्रेड सुरू झाला आणि केंद्राची संलग्नता अजून आली नसली की तो ट्रेड राज्याकडे चालायचा, म्हणून एकाच इमारतीत फिटर एनसीव्हीटी आणि शेजारचा वेल्डर एससीव्हीटी असं चित्र दिसायचं. तिसरं राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ, पूर्वीचं व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळ. हे खासगी संस्थांना सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे कोर्स चालवायला मान्यता देतं. आणि चौथं ज्युनिअर कॉलेजातलं बारावी व्यवसाय, ज्याला सगळे अजून एमसीव्हीसीच म्हणतात.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा वेगळा, तो दहावीनंतर तीन वर्षांचा, परीक्षा एमएसबीटीईची म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, कॉलेजला एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरी. दहावीनंतर दोन वर्षांत इंजिनीअरिंगचा डिप्लोमा असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. (कृषी विद्यापीठाची दोन वर्षांची पदविका असते, पण ती आंबा-काजूवाल्यांची, तिचा इथे संबंध नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. मान्यता कॉलेजला नसते, ट्रेडला असते. आणि ट्रेडलाही मोघम नसते, युनिट आणि शिफ्टनुसार असते. इलेक्ट्रिशियनचं एक युनिट म्हणजे २० जागा, आरएसीचं, म्हणजे एसी-फ्रिजच्या ट्रेडचं, २४. एका युनिटची मान्यता असताना तीन युनिटं भरली तर वरची पोरं केंद्राच्या पोर्टलवर चढतच नाहीत, आणि ते कळतं परीक्षेच्या हॉल तिकिटाला. तोवर फी गेलेली असते.

घरबसल्या बघायचं तर संस्थेचा एमआयएस कोड मागा. सरकारी आयटीआयचा कोड जीआर ने सुरू होतो, खासगीचा पीआर ने, पुढे २७ म्हणजे महाराष्ट्र. आधी एनसीव्हीटी एमआयएस पोर्टल होतं, आता ते काम स्किल इंडिया डिजिटल हबवर नेलंय. तिथे संस्था काढली की कुठले ट्रेड संलग्न आहेत ते दिसतं. आपल्या कोर्सचं नाव अक्षरशः तेच आहे का ते बघा. एसी-फ्रिजच्या ट्रेडचं नाव 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन', जुनं नाव मेकॅनिक आरएसी. 'रेफ्रिजरेशन अँड मरीन टेक्नॉलॉजी' असा ट्रेड मी जन्मात ऐकला नाही.

आणि कोणी प्रत्यक्ष जाणार असेल तर एक सांगतो. ऑफिसात बसून फाइल बघू नका, वर्कशॉप बघा. आरएसीला ब्रेझिंगचा सेट, व्हॅक्यूम पंप, गेज मॅनिफोल्ड, कापून ठेवलेला कॉम्प्रेसर, उघडा स्प्लिट एसी हे दिसायला पाहिजे आणि वापरून काळं झालेलं दिसायला पाहिजे. तांब्याच्या नळीचे तुकडे कोपऱ्यात पडलेले नसतील तर तिथे कोणी फ्लेअरिंग, म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड रुंद करणं, शिकवत नाही. शिवाय संलग्नतेच्या निकषांत प्रत्येक ट्रेडला किती किलोवॅट लागतं ते ठरलेलं असतं, तेव्हा सहज गप्पा मारत लाईट बिल बघा. दुकानाच्या गाळ्याएवढं बिल येत असेल तर समजून जा.

देवगडचो_बापूस

सरांनी बरोबर सांगल्यानी. माझो झील देवगडाक इलेक्ट्रिशियन करून आता महावितरणात विद्युत सहायक म्हणान लागलो. तेच्या टायमाक जाहिरातीत सरळ लिवलेला होता की राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचा वीजतंत्री नायतर तारतंत्रीचा प्रमाणपत्र होया, नायतर राज्याच्या परीक्षा मंडळाचो इलेक्ट्रिकल सेक्टरचो दोन वर्सांचो कोर्स. एसी-फ्रिजवाल्याक थंय दार उघडाच नाय! मगे तुमच्या पत्रकात महावितरण खंयसून इला? तेंका इचारा.

चिपळूणचा_थंडगार

माझं मत जरा वेगळं आहे. पंधरा-सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून एसीच्या धंद्यात आहे, माझ्याकडे चार पोरं आहेत, एकालाही मी सर्टिफिकेट विचारलं नाही. पोराला काम येतंय का ते बघतो. आयटीआय करून आलेला एक जण होता, गॅस चार्जिंग करताना वजनकाटा लावायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं, नुसता प्रेशरवर भरत होता, इन्व्हर्टर एसीला तसं चालतंय का? कोकणात आता घराघरात एसी आलाय, हॉटेलं, होमस्टे, मिरजोळ्याला मासळीचे कारखाने, बंदरावर बर्फाच्या फॅक्टऱ्या, माणूस मिळत नाही कामाला. पोराला ९० हजार कॉलेजला देण्यापेक्षा कुठल्यातरी चांगल्या मेस्त्रीच्या हाताखाली ठेवा, दोन वर्षांनी तोच तुम्हाला पैसे देईल.

निवृत्त_निदेशक

थंडगार, तुमच्या दुकानापुरतं खरं आहे, वजनकाट्याचंही खरं आहे, त्या निदेशकाचा कान धरायला पाहिजे. पण दोन गोष्टी सुटल्यात. बर्फाची फॅक्टरी अमोनियावर चालते. तिथे व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला तर घरच्या एसीसारखा नुसता गॅस जात नाही, माणूस जातो. तिथे शिकलेलाच हवा, आणि शिकलाय याचा कागदही हवा, कारण अपघात झाला की कारखाना निरीक्षक पहिला तोच मागतो.

दुसरं, मेस्त्रीकडे शिकायचंच असेल तर तेही नोंदवून करता येतं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, पोर्टलवर करार होतो, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. माझगाव डॉकच्या कुशल कामगारांच्या भरतीत तेच मागतात. नुसतं 'मी अमक्याकडे पाच वर्षं होतो' याला तिथे कोणी विचारत नाही.

दुबई_रिटर्न_राजापूर

थंडगार भाऊंना माझाही विरोध. गावात काम करायचं तर ठीक, पण आपल्याकडची निम्मी पोरं गल्फला जायचं डोक्यात ठेवूनच शिकतात. तिकडे टेक्निशियनच्या व्हिसाला सर्टिफिकेट अटेस्ट करून मागतात. आधी राज्याकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाच्या एंबसीचा शिक्का. पहिल्याच पायरीला ते प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडे विचारणा होते. माझ्याबरोबरचा एक जण असाच एका खासगी संस्थेचा सोनेरी शिक्क्याचा डिप्लोमा घेऊन आलेला, एजंटने बघूनच बाजूला ठेवला, हेल्परच्या व्हिसावर गेला. काम तो टेक्निशियनचंच करत होता हो, माझ्यापेक्षा चांगलं करत होता, पगार हेल्परचा. तीन वर्षं.

पावसचा_मामा

सगळ्यांचे आभार. निदेशक सर, तुमचं वाचून मी त्या कॉलेजला फोन लावला, एमआयएस कोड विचारला. बाई म्हणाल्या सर मीटिंगमध्ये आहेत. संध्याकाळी व्हॉट्सॅपवर तीन फोटो आले. एक ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, एक दर्पणचं, आणि तिसरं त्या राज्याच्या कौशल्य मंडळाचं पत्र, त्यावर संस्थेचा कोड आहे, शिक्का आहे, सही आहे. ताईचं म्हणणं हे बघ आहे की सरकारी पत्र. फक्त त्यात कोर्सचं नाव शिवणकामाचं आहे, सहा महिन्यांचा. मी विचारलं हे काय, तर म्हणे 'अंब्रेला मान्यता' असते. असते का?

आणि रेल्वेचं कोणी सांगितलं नाही. ते तरी खरं आहे?

निवृत्त_निदेशक

अंब्रेला पावसाळ्यात असते. मंडळाची मान्यता कोर्सगणिक असते, प्रत्येक कोर्सला वेगळा कोड. शिवणकामाचं पत्र दाखवून एसीचा वर्ग चालवता येत नाही. पत्र खरं असेल, त्या शिवणकामाच्या मुलींना प्रमाणपत्रही खरं मिळत असेल. तुमच्या भाच्याला मात्र मिळणार ते संस्थेने स्वतः छापलेलं.

मंडळाच्या मान्यतेचा दोन वर्षांचा कोर्स खरोखरच असेल तर तो वाईट नाही हेही सांगतो, नाहीतर लोक उगाच घाबरतात. स्वतःचा धंदा, बँकेचं कर्ज, खासगी कंपनी यांना तो चालतो. सरकारी भरतीत मात्र त्या जाहिरातीत मंडळाचं नाव असेल तरच. वर बापूसांनी महावितरणचं उदाहरण दिलंय ते नेमकं तसंच आहे, राज्य मंडळाचा एक ठराविक कोर्स तिथे नावानिशी धरलाय, बाकीचे नाहीत.

रेल्वेचं म्हणाल तर सहायक लोको पायलटच्या २०१८ च्या आणि २०२४ च्या दोन्ही जाहिरातींत दहावी अधिक एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी मान्यताप्राप्त संस्थेतलं आयटीआय असं होतं, म्हणजे तिथे राज्याचंही धरतात, आणि ट्रेडच्या यादीत रेफ्रिजरेशन-एसी आहे. म्हणून एससीव्हीटीला किंमत नाही हे सरसकट म्हणणं चूक. कुठे चालतं आणि कुठे नाही ते जाहिरात ठरवते. ज्यांच्याकडे जुनं एससीव्हीटी आहे त्यांना खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय परीक्षेला बसायची सोयही आहे, अटी आहेत, जवळच्या सरकारी आयटीआयत विचारायचं.

लोटे_शिफ्ट_सी

मी लोट्याला केमिकल कंपनीत आहे, एओसीपी केलंय, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, दोन वर्षांचा ट्रेड. कोकणात इलेक्ट्रिशियन-फिटरच्या मागे सगळे धावतात आणि लोटे, महाड, रोह्याच्या केमिकल पट्ट्यात जो ट्रेड सगळ्यात जास्त लागतो तो कोणाला माहीतच नसतो. अकरावी सायन्सला जाऊन केमिस्ट्रीत आपटी खाल्लेली पोरं इथे मस्त रमतात. पंप, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन, सगळं हाताने. गणपती-शिमग्याला सुट्टी मिळत नाही हा एकच त्रास, प्लांट बंद ठेवता येत नाही ना.

आमच्याकडे जॉइनिंगला एचआर कागद हातात घेतच नाही, क्यूआर कोड स्कॅन करतो नाहीतर डिजिलॉकर उघडायला लावतो. रेकॉर्ड आलं तर आलं. मागच्या वर्षी एका पोराचं आलं नाही, सगळं खरं होतं पण नाव दहावीच्या मार्कलिस्टला एक आणि पोर्टलला दुसरं, वडलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट. तो दुरुस्तीसाठी एवढ्या चकरा मारत होता की तोवर जागा भरली. म्हणून मामा, भाचा कुठेही लागू दे, पहिल्या महिन्यातच पोर्टलवरचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कलिस्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

डायरेक्ट सेकंड इयर खरं आहे. दहावी अधिक दोन वर्षांचं आयटीआय असलं की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आमच्या बॅचचे दोघं गेले, एक रत्नागिरी सरकारी पॉलिटेक्निक, एक मालवण. पण आयटीआय म्हणजे मान्यतेचं आयटीआय, आणि दोन वर्षांचं. वेल्डर, डिझेल मेकॅनिक हे एका वर्षाचे, त्यांना हे दार नाही. आणि एक आतली गोष्ट, तिथे बारावी सायन्सवाल्यांबरोबर बसावं लागतं, गणितात दम निघतो. जो मालवणला गेला तो पहिलं सेमिस्टर अक्षरशः रडत होता. आता बरा आहे, साइटवर सुपरवायझर.

मिरकरवाडा_४०४

सगळे एसी-एसी करताय, पण मामांनी सुरुवातीलाच लिहिलंय की पोरगा इंजिनात रमतो, बाप ट्रॉलरवर आहे. मग मरीन हा शब्द ज्या पत्रकात खोटा लावलाय तो खरा कुठे मिळतो ते का नाही सांगत कोणी?

सिफनेट नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, मत्स्यव्यवसाय विभागाची, कोचीला १९६३ पासून, शिवाय चेन्नई आणि विशाखापट्टणमला केंद्रं. तिथे दहावीनंतर दोन वर्षांचे दोन ट्रेड आहेत, व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर. दोन्ही एनसीव्हीटीच्या योजनेतले, म्हणजे वर सर म्हणाले तेच राष्ट्रीय प्रमाणपत्र. गणित आणि विज्ञानात वेगवेगळे ४० टक्के लागतात, वयाची अट आहे, प्रवेश परीक्षा देशभर होते. नेव्हिगेटरला चार्ट, होकायंत्र, जाळी, सुकाणू. मरीन फिटरला डिझेल इंजिन, शाफ्ट, गिअर बॉक्स, बोटीवरचं रेफ्रिजरेशनसुद्धा. काही काळ प्रत्यक्ष समुद्रावर, संस्थेच्या बोटीवर.

इथल्या ट्रॉलरवर कोणी कागद विचारत नाही हे मलाही माहितेय, आमच्याकडे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, अनुभवानेच होतो. पण फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या बोटींवर विचारतात. आणि पुढे समुद्रावरची ठरलेली सेवा झाली की मासेमारी जहाजाचा मेट किंवा इंजिन ड्रायव्हर या परीक्षांना बसता येतं, त्या जहाजरानी महासंचालनालयाच्या, ते परवाने कायद्याने लागतात. आपल्या बंदरातनं किती पोरं तिकडे जातात? केरळ-तमिळनाडूची भरपूर, आपली बोटावर मोजण्याइतकी. का, तर इथे कोणी सांगत नाही आणि आई म्हणते कोची फार लांब. मुंबई चालते, कुवेत चालतं, कोची लांब!

एवढं लांब नको असेल तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिन देखभाल, रत्नागिरीलाही केंद्र आहे. ते दोन वर्षांच्या ट्रेडच्या जागी धरू नका, पण बापाच्या बोटीवर जाणाऱ्याला उत्तम.

आणि मर्चंट नेव्ही म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं, जहाजरानी महासंचालनालयाच्या मंजूर संस्थांच्या यादीत तुमचं नाव आहे का, आणि पोराचा इंडॉस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक, काढणार का. खलाशी म्हणून जाण्यासाठीचा जीपी रेटिंग कोर्स सहा महिन्यांचा असतो, दोन वर्षांचा नाही. इंडॉस नाही तर तो कोर्स समुद्रात उपयोगाचा नाही. या एका गोष्टीत आपल्या किनाऱ्यावर लोकांनी जमिनी विकून पैसे घातलेत.

पावसचा_मामा

मिरकरवाडा, हे भाच्याला वाचून दाखवलं फोनवर. दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला मामा मरीन फिटरची परीक्षा कधी असते. गणितात पन्नासच्या वर आहेत त्याला, विज्ञानात साठ, म्हणजे अटीत बसतो. ताई अर्थातच रडायला लागली, कोची म्हणजे परदेशच तिला. भावोजी मात्र म्हणाले जाऊ दे.

पण परीक्षेला वेळ आहे, तोवर यंदाचं वर्ष फुकट घालवायचं का? आणि दिलेले पाच हजार?

निवृत्त_निदेशक

वर्ष फुकट कशाला. आयटीआयच्या नियमित फेऱ्या संपल्या की समुपदेशन फेरी असते, रिकाम्या जागा तिथल्या तिथे भरतात. इलेक्ट्रिशियन मिळणार नाही कदाचित, पण डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा ट्रेड आहे, त्यात जागा राहतात, आणि मरीन फिटरला जायचंच असेल तर त्याहून चांगली तयारी नाही. आरएसीही बघा, सरकारी आयटीआयत फी त्या ४५ हजारांच्या पासंगालाही पुरत नाही. फेरीच्या दिवशी स्वतः हजर राहावं लागतं, मूळ कागदांसह. आणि हो, शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या कॉलेजला दिलेला नाही ना? दिला असेल तर पैसे राहू देत, आधी तो सोडवा. दाखला अडकवून ठेवणं ही यांची जुनी खोड.

पावसचा_मामा

दाखला घरीच आहे, देवाची कृपा. पैशांचं विचारलं तर म्हणतात साडेतीन परत देऊ, दीड हजार 'प्रोसेसिंग'चे कापणार. पावती फक्त एका चिठ्ठीवर आहे, पेनाने लिहिलेली, कॉलेजचं नाव पण नाही.

दुबई_रिटर्न_राजापूर

भांडू नका. भावोजींना चारचौघं घेऊन जाऊ द्या आणि एवढंच म्हणू द्या की प्रोसेसिंगचे दीड हजार खुशाल ठेवा, फक्त पक्की पावती द्या, त्यावर संस्थेचा कोड, कोर्सचं नाव आणि कोर्सचा कोड टाकून, शिक्क्यासकट. आमच्या शेजाऱ्याने हेच केलं होतं, पूर्ण पैसे हातात ठेवले आणि वर चहा पाजला.

देवगडचो_बापूस

आणि समुपदेशनाक जाताना जातीचो दाखलो, नॉन-क्रिमीलेअर, आधार, सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन-दोन सेट घेवन जावा. थंय झेरॉक्सवाल्याकडे त्या दिवशी ही मोठी लायन असता.